कर भरू, पण पावतीवर गावाचे नाव हवे

माननीय डॉ. प्रमोद सावंत,
मुख्यमंत्री, गोवा राज्य,
मंत्रालय, पर्वरी



कचऱ्यावर पर्यावरण कर लावायचा विषय निघाला की ग्रामसभेत पहिला आवाज ठरलेला असतो. ‘घरपट्टी भरतो, लायटीचे बिल भरतो, आता कोयर (कचरा) टाकायलाही पैसे मोजायचे?’ टाळ्या पडतात, विषय पुढच्या बैठकीवर जातो आणि रस्त्याकडेच्या पिशव्या होत्या तिथेच राहतात. मी त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतली नाही. कचरा उचलायला गाडी लागते, गाडीला डिझेल लागते, उचलणाऱ्याला पगार लागतो, आणि हे सगळे कुणालातरी भरावेच लागते. कर लावा, मी भरीन. पण ज्याचा कचरा त्याने पैसा द्यावा आणि जिथला पैसा तिथेच खर्च व्हावा, एवढे मात्र तुमच्याकडून लेखी हवे आहे.

पत्र तुम्हालाच लिहिते, कारण अर्थखाते तुमच्याकडे आहे. दुसरे कारण जवळचे. तुम्ही कोठंबीचे, साखळीचे आमदार, म्हणजे डिचोली तालुक्याचे. माझे माहेर त्याच तालुक्यात मयेला, आणि सासर पेडण्यात कोरगावला. एका तालुक्याने जे भोगले ते दुसऱ्याच्या वाट्याला येताना दिसते आहे, आणि मधल्या काळात आपण काही शिकलो की नाही याची मला शंका आहे.

डिचोलीला कचऱ्याचा अनुभव प्लास्टिक यायच्या कितीतरी आधीचा आहे. लोहखनिज काढताना एक टन मालामागे अडीच-तीन टन माती आणि दगड बाहेर पडतात. माल ट्रकांतून नदीकाठी, तिथून बार्जांतून मुरगाव बंदरात आणि पुढे जपानला, चीनला गेला. माती राहिली. तिला आपण डंप म्हणतो आणि तिची इतकी सवय झाली आहे की नवख्याला ते डोंगरच वाटतात. पावसात ती माती ओहोळात उतरते, ओहोळातून खाचरात. शिरगावच्या विहिरी का आटल्या आणि मुळगावच्या शेतांत लाल गाळ कुठून आला, हे त्या तालुक्यात वाढलेल्या माणसाला मला सांगावे लागू नये. गोव्यातला सर्वांत मोठा कचरा हाच आहे. त्याच्या विल्हेवाटीचा खर्च ज्याने तो केला त्याने कधी पुरता भरला नाही. तो शेतकऱ्याने पीक बुडवून भरला, बायकांनी लांबून पाणी आणून भरला.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. 2012 मध्ये शहा आयोगाने बेकायदा खाणकामामुळे सुमारे 35 हजार कोटींच्या नुकसानीचा अंदाज मांडला आणि खाणी बंद पडल्या. एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजाच्या विक्रीतून येणाऱ्या पैशातले 10 टक्के एका कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले, पुढच्या पिढ्यांसाठी. 2015 च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज निधी आला, तो खाणग्रस्त भागासाठी. कागदावर दोन्ही गोष्टी चोख आहेत. पण खनिज निधीतले किती रुपये कोणत्या वाड्यापर्यंत पोचले, हे माझ्या माहेरच्या माणसांना विचारले तर ती एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मुळगावचे लोक खाण पुन्हा सुरू होताना आमची घरे, देवळे आणि तळी लीजमधून वगळा म्हणून उभे राहिले. त्यांच्या त्या हट्टामागे ही सगळी जुनी बाकी आहे.

म्हणून नव्या कराचे नाव ऐकले की डिचोलीचा माणूस रकमेआधी पैसा जाणार कुठे हे विचारतो. त्याला कंजूष म्हणू नका.

आता पेडणे. 2011 च्या जनगणनेत हा तालुका जेमतेम 76 हजार लोकांचा होता. माड, काजू, वायंगण शेती, केरीपासून मोरजीपर्यंतचा किनारा, आणि त्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवे. 11 डिसेंबर 2022 ला मोपा विमानतळाचे उद्‍घाटन झाले, जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली. 2024 मध्ये गोव्यात एक कोटीहून जास्त पर्यटक आले, राज्याच्या लोकसंख्येच्या सहापटीहून अधिक. त्यांतले बरेचसे आता पेडण्यात उतरतात, हरमल-मांद्र्याला राहतात किंवा पेडण्यातून पुढे जातात. ते येऊ नयेत असे मी म्हणत नाही. माझ्या सासरच्या गावातले कितीतरी संसार त्यांच्यावर चालतात. पण येणारा माणूस पाण्याच्या बाटल्या, बियरच्या बाटल्या, पार्सलचे डबे, चिप्सची पाकिटे मागे ठेवून जातो, आणि ते उचलायची जबाबदारी एखाद्या सचिवाच्या आणि दोन मजुरांच्या पंचायतीवर पडते. खाणीच्या वेळी माल बाहेर गेला आणि माती इथे राहिली. पर्यटनात नफ्याचा मोठा भाग बाहेर जातो आणि बाटल्या इथे राहतात.

कचरा फी आज बहुतेक ठिकाणी घरटी किंवा दुकानामागे ठोक लावली जाते. वसुलीला ती सोपी आहे हे कबूल. पण जिचा ओला कचरा माडाच्या आळ्यात जातो, भाताची पेज गुरांच्या घमेल्यात जाते, आणि महिन्याकाठी दुधाच्या पिशव्यांची एक गुंडाळीच काय ती बाहेर पडते, त्या म्हातारीनेही तेवढेच द्यायचे आणि तिच्या शेजारी आठ खोल्या भाड्याने देणाऱ्यानेही जवळपास तेवढेच? अशाने आळ्यात खत करणारीला वाटते, पैसे दिलेच आहेत तर टाकू पिशवीत. चांगली सवय मोडायला आपणच बळ देतो. दक्षिण कोरियाने 1995 पासून ठरावीक पिशव्या विकत घ्यायला लावल्या. जेवढा कचरा तेवढ्या पिशव्या, तेवढा खर्च. आपल्या वाड्यांवर तेच जसेच्या तसे चालेल असे नाही, पिशवीचे पैसे वाचवायला लोक रात्री पुलावरून फेकतील. पण घराला जवळजवळ माफी, भाड्याच्या खोलीला खोलीमागे, शॅकला आणि रेस्टॉरंटला टेबलामागे, एवढा भेद तर पंचायत सचिवालाही करता येईल. खोल्या किती आणि टेबले किती हे गावात सगळ्यांना ठाऊक असते, फक्त रजिस्टरमध्ये नसते.

कायदा यासाठी अडत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरा करणाऱ्याकडून वापर शुल्क घ्यायची तरतूद केली, दिवसाला 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्याला मोठा उत्पादक म्हणून वेगळे काढले, आणि विनापरवाना जागेत शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवणे आणि कचरा वेगळा करून देणे बंधनकारक केले. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये उचलून धरले, आणि गोव्याचा अविघटनशील कचऱ्याविरुद्धचा कायदाही त्याच वर्षाचा. इतक्या वर्षांचा कायदा घरात असून रस्त्यावर प्लास्टिक उडते, तेव्हा अजून एक कायदा करून भागेल असे मला वाटत नाही.

पेडण्यातल्याच धारगळचे उदाहरण घेते. डिसेंबर 2024 च्या अखेरीस तिथे तीन दिवस सनबर्न हा संगीत महोत्सव झाला. गावात वाद झाला, पंचायतीत मते विभागली गेली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. संगीताबद्दल माझे काही म्हणणे नाही. मला ते कळतही नाही. मला एवढेच विचारायचे आहे की अशा कार्यक्रमाच्या प्रत्येक तिकिटात कचऱ्याची ठरलेली रक्कम का नसावी, आणि ती थेट त्या पंचायतीच्या खात्यात, कार्यक्रमाच्या आधी, का जमा होऊ नये? नंतर मागितलेले पैसे कुणी देत नाही. मंडप उठतो, कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. लग्नाच्या हॉलला आपण अनामत आधी घेतो, इथेही तसेच करा.

आता तुमच्या बाजूचा हिशेब. राज्याने 2013 मध्ये प्रदूषण करणाऱ्या वस्तूंवर हरित उपकर लावायचा कायदा केला, विक्रीमूल्याच्या दोन टक्क्यांपर्यंत. उद्योग न्यायालयात गेले, आणि 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने कायदा वैध ठरवला. म्हणजे मोठ्यांकडून पर्यावरणासाठी पैसे घ्यायचा अधिकार तुमच्या हातात पक्का आहे. असे असताना पहिली पावती कोरगावच्या बाईच्या नावाने का फाटावी? आधी उपकराची थकबाकी वसूल करा, ती किती आणि कुणाकडे हे विधानसभेच्या पटलावर ठेवा, मग आमच्या दाराशी या. तेव्हा ग्रामसभेतल्या टाळ्याही कमी पडतील.

कुणी म्हणेल, सरळ सीमेवर पत्रादेवीला नाका लावा आणि बाहेरच्या गाडीकडून घ्या. हा मोह जुना आहे. 2013 मध्ये सीमेवर वाहनांना प्रवेश शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्गातून केवढा विरोध झाला ते आपण पाहिले. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग आणि पेडणे, डिचोली यांच्यातली रेघ नकाशावर आहे. सोयरिकी, बाजार, शाळा, दवाखाने यांत ती नाही. सीमेवरच्या नाक्यात भाजीचा टेम्पो सापडतो आणि मोप्याला विमानाने उतरलेला पाहुणा सुटतो. व्हेनिसने 2024 पासून गर्दीच्या दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली, बालीने त्याच वर्षी परदेशी पाहुण्यांना दीड लाख रुपिया लावले. माथेरानला तर रस्त्याने येणाऱ्याला दस्तुरी नाक्यावर पावती फाडल्याशिवाय आत जाता येत नाही. पण माथेरानला गाडीरस्ता एकच आहे. आपल्याकडे विमान, रेल्वे, महामार्ग आणि घाट सगळेच आहे. त्यापेक्षा खोलीच्या बिलात रात्रीमागे घ्या. खोली ज्या गावात, पैसा त्या गावात. हिशेब सोपा आणि भांडण कमी.

बाटल्यांचा प्रश्न मात्र कराने सुटणार नाही, आणि इथे तुमच्या सरकारला श्रेय द्यायला हवे. 2024 मध्ये तुम्ही ठेव-परतावा योजना अधिसूचित केली. बाटली घेताना जादा पैसे ठेवायचे, रिकामी परत केली की मिळायचे. तमिळनाडूत नीलगिरीच्या डोंगरांत दारूच्या बाटलीवर दहा रुपये ठेव घ्यायला 2022 पासून सुरुवात झाली, मद्रास उच्च न्यायालयाने पाठपुरावा केला म्हणून. हत्तींच्या पायांत काचा जाऊ नयेत हे त्यामागचे कारण होते. आमच्याकडे हत्तींऐवजी शेतकरी म्हणा. रस्त्यालगतच्या शेतात नांगरणीला उतरताना माणसे आता आधी काचा वेचतात, आणि चिखलात पाय कापला तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला आरोग्य केंद्र गाठतात. दहा रुपये परत मिळणार असतील तर मोरजीच्या वाळूत बाटली पाच मिनिटे राहणार नाही. पर्यटकाने टाकली तरी गावातला पोर उचलील. ही योजना जमिनीवर आणण्याचा मुहूर्त पुढे ढकलू नका. शॅकवाले आणि बारवाले जागेची अडचण सांगतील, ती खरीही आहे, तिच्यासाठी पंचायतीची शेड वापरता येईल.

आणि शेडवरून आमच्या लोकांबद्दलही बोलते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. पंचायतींनी सुका कचरा वेगळा करण्यासाठी शेड उभारावी म्हणून उच्च न्यायालयाने किती वेळा कान उपटले! जागा सुचवली की वाड्यावर सह्यांची मोहीम सुरू होते. कचरा उचला, पण शेड त्या वाड्याला न्या. त्या वाड्याचे लोक म्हणतात, पलीकडच्या गावाला न्या. साळगावचा कचरा प्रकल्प 30 मे 2016 ला सुरू झाला तेव्हा तो रोज 100 टनांचा होता, पुढे 250 टनांपर्यंत वाढवावा लागला, कारण ज्याला त्याला आपला कचरा साळगावला हवा होता. साळगावच्या माणसाला काय वाटत असेल, हे मांद्रे-हरमलच्या ग्रामसभेत कुणी विचारलेले मी ऐकले नाही. प्रकल्प सुरू झाला तेव्हा मुख्यमंत्री पेडण्याचेच, लक्ष्मीकांत पार्सेकर, होते. डिचोली पालिकेचा कचरा लामगावला जातो, आणि लामगावच्या वाट्याला खाणीही आल्या होत्या. गोव्यातला उरलासुरला, जाळण्याजोगा माल कर्नाटकातल्या सिमेंट भट्ट्यांपर्यंत जातो. आपला कचरा दुसऱ्या राज्यात पाठवायला गाडीभाडे आपण भरतो, ते वेगळेच.

याला जोडून एक धोक्याची सूचना. रिकाम्या खाणींत कचरा टाकावा ही कल्पना अधूनमधून डोके वर काढते. पर्वरीत बसून ती सोयीची वाटत असेल. पण त्याच खाणींत साठलेले पाणी उन्हाळ्यात नदीत सोडून आपले पाणीप्रकल्प चालवावे लागतात. डिचोलीने एकदा माती सोसली, आता तिच्या खड्ड्यांत साऱ्या उत्तर गोव्याचे प्लास्टिक नको.

हे सगळे जमण्यासारखे नाही असे कुणी म्हणाले तर त्याला तेरेखोल ओलांडून वेंगुर्ल्याला पाठवा. कोरगावहून सकाळी निघाले तर जेवायच्या आत परत येता येते. लहानशी नगरपरिषद, पैसा बेताचा. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा व्हायला लागला, डंपिंग ग्राउंड होते तिथे बाग झाली आणि लोक ती बघायला जाऊ लागले. पुण्यात 2008 पासून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार कचरा घेते आणि घरवाले पैसे थेट त्या बाईच्या हातात देतात. मला ही दुसरी गोष्ट जास्त आवडते. पैसे घेणारी समोर उभी असते, उद्या ती आली नाही तर कुणाला विचारायचे हे माहीत असते. आमच्याकडे गाडी दोन आठवडे आली नाही तर पंचायत म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो बिल थकले आहे, बिल कुठे अडले ते पणजीला ठाऊक.

आता माझे मागणे. अंदाजपत्रकात कचऱ्यासाठी जमा होणाऱ्या पैशाचा वेगळा शीर्ष काढा, आणि त्यात तालुकावार नको, पंचायतवार आकडे छापा. हरित उपकरातला ठरावीक वाटा किनारपट्टीच्या आणि खाणपट्ट्यातल्या पंचायतींना नावानिशी द्या. पेडण्याच्या पंचायतींना खोलीमागे शुल्क घ्यायचा नमुना उपनियम पंचायत संचालनालयाने तयार करून द्यावा, म्हणजे प्रत्येक सरपंचाला आपल्याच मतदाराशी एकट्याने भांडावे लागणार नाही. सरपंचाच्या चुलतभावाचेही गेस्ट हाऊस असते, हे तुम्ही मला सांगायला नको आणि मी तुम्हाला.

हिशेब वाचायला माणूस तुमच्याकडे आधीच आहे. ऑक्टोबर 2020 पासून तुम्ही गावोगाव सरकारी अधिकारी ‘स्वयंपूर्ण मित्र’ म्हणून पाठवता. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर, चारही ग्रामसभांत त्याने उभे राहून कचऱ्याचा जमाखर्च वाचावा: किती जमा, कुणाकडून, गाडी किती वेळा आली, किती माल साळगावला गेला, भंगारात विकून किती मिळाले, थकबाकी कुणाची. थकबाकीदारांची नावेही वाचावीत, मग ते हॉटेल कुणाच्याही मेव्हण्याचे असो. पाऊण तास लागेल. भांडणे होतील, होऊ देत. निदान ती आकड्यांवर होतील.

पहिल्या वाचनाला कोरगावची ग्रामसभा निवडलीत तर मी हजर असेन आणि माझी वर्षाची रक्कम त्याच दिवशी भरीन. पावतीवर मात्र ‘ग्रामपंचायत कोरगाव, कचरा निधी’ असे छापलेले हवे. ‘गोवा सरकार, इतर जमा’ असे असेल तर मी ती परत करीन.

कळावे,
डिचोलीची लेक आणि पेडण्याची सून
कोरगाव, पेडणे